खंडणीचं कार्ड

ज्योतीरामच्या कानाखाली पहिली मी वाजवली. हे आधीच सांगून टाकतो. त्याला कोणी कोणी मारलं याची यादी करायला बसलं, तर माझं नाव त्यातून राहून जायला नको. शनिवारची दुपार होती. चिंचवडमधलं त्याचं फ्लेक्सचं दुकान, काउंटरवर माझ्या खेळाचे पाच संच, आणि त्याचा चष्मा उडून लॅमिनेशनच्या मशीनखाली गेलेला. पन्नाशीचा माणूस, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा. तो वाकून चष्मा शोधत होता आणि मी वरून त्याला शिव्या घालत होतो.

मला राग येतो. लहानपणापासून येतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. रहाटणीत आमच्या सोसायटीत पार्किंगवरून वाजलं की लोक मला बोलावून नेतात. "धनेशला आणा, तो बघेल." चाकणला कंपनीत मी क्वालिटीला आहे. तिथे शिफ्ट इन्चार्जने रिजेक्ट झालेला माल पास कर म्हटलं, तेव्हा हातातलं मोजमापाचं गेज मी त्याच्या अंगावर फेकलं होतं. मेमो मिळाला. तो मेमो मी मोबाइलवर मित्रांना दाखवत फिरायचो.

तर खेळ. नाव 'ठेका'. तीन वर्षं त्यात घातली होती. चार खेळाडू, चौघेही चाकणचे ठेकेदार. पटावर कंपन्या. कुणी भंगार उचलायचा ठेका घ्यायचा, कुणी कामगार पुरवायचा, कुणी कॅन्टीनचा, कुणी बसगाड्यांचा. सरळ वाटेने ठेका मिळतो, पण उशिरा. लवकर हवा असेल तर माणसं पाळावी लागतात. अशी माणसांची बारा कार्डं होती. एक कंपनीचं गेट अडवतो, एक ट्रकच्या काचा फोडतो, एक हातपाय मोडतो, एक खंडणी मागतो. प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात त्याच्या ताकदीचा आकडा आणि मधोमध एक गोल. गोलात पुढे चित्र येणार होतं. चित्रकार ठरला नव्हता, म्हणून गोल रिकामा. हात मोडणाऱ्याच्या कार्डावर मी लिहिलं होतं, 'समोरच्याचा हात मोडला. त्याने एक डाव थांबावं.' सेकंड शिफ्टच्या बसमध्ये, केळी खात खात लिहिलं होतं ते.

तोवर आम्ही मित्रमंडळी वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी खेळत होतो. पण खेळ छापणाऱ्या एका छोट्या कंपनीतल्या वर्षाली मॅडम रविवारी यायच्या होत्या. अनोळखी वीस माणसांना पाच टेबलांवर खेळवून बघायचं, मग त्या ठरवणार. त्यांनी साफ सांगितलं होतं, चिठ्ठ्या नकोत, नीट छापलेले संच हवेत. मोठे छापखाने पाचशेच्या खाली बोलायलाच तयार नव्हते. पाच संच म्हटल्यावर एकाने फोनच ठेवला. ज्योतीराम एकटा म्हणाला, "देऊ की करून. त्यात काय आहे." जाड कागदावर छापलं, लॅमिनेशन केलं, कार्डं हाताने कापली आणि प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे गोल केले. तीन दिवस लागले त्याला. काम देखणं झालं होतं, त्याबद्दल मला आजही काही बोलता येणार नाही.

फक्त बाराही गोलांत माणसं होती. खरीखुरी, गॉगल लावलेली, फेटे बांधलेली, हात जोडलेली माणसं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोल रिकामे होते की," ज्योतीराम म्हणाला. तो मूळचा औशाकडचा. बावीस वर्षं फ्लेक्स छापण्यात गेली. वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे वर साहेबांचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या गोलांची रांग. त्यातला एक गोल जरी रिकामा गेला, तरी ज्याचा चेहरा राहिला तो दहा पोरं घेऊन दुकानात येतो. म्हणून रिकामा गोल मशीनवर घ्यायचाच नाही, हा त्याचा नियम. "तुम्हाला फोन लावायलो, लागंना. तुमचा फोन कंपनीत गेटवर जमा. मग आपल्याकडं फोटो होते, बसवले."

"खाली काय लिहिलंय ते वाचलं नाहीस?"

"छापणाऱ्यानं वाचायचं नसतंय, भाऊ."

खंडणीच्या कार्डावर त्याने जयसिंगशेठ बसवला होता. गुलाबी फेटा, गळ्यात मनगटाएवढी साखळी. हा जयसिंग चाकणच्या निम्म्या कंपन्यांचं भंगार उचलतो, आणि कसा उचलतो ते सगळ्यांना माहीत आहे. गेट अडवणाऱ्याच्या कार्डावर गणराज, जयसिंगचा जुना वैरी. हे बघितलं आणि माझा हात सुटला.

चष्मा सापडल्यावर ज्योतीरामने तो शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पांढऱ्या स्टिकरचा कागद काढला. उद्यापर्यंत पुन्हा छापणं शक्य नव्हतं. अर्ध्या तासात त्याने साठ गोल कापून दिले, बरोब्बर चेहऱ्यांवर बसतील असे. त्याच्या गालावर माझी बोटं उठली होती. "चिकटवा म्हणजे झालं," तो म्हणाला. मी स्टिकर खिशात घातले आणि निघालो. माफी मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी सकाळी हॉलवर पोचून मी स्टिकर लावायला बसलो. दोन लावले असतील, तेवढ्यात स्वप्नाली नावाची एक मुलगी मागून डोकावली. ती खेळायला आली होती, चिंचवड गावठाणातली. ती किंचाळलीच, "अय्या, हा तर जयसिंगशेठ! खंडणीवर!" पाच मिनिटांत सगळे माझ्या टेबलाभोवती. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाकू नका हो, प्लीज," सगळे म्हणाले. मी वर्षाली मॅडमकडे बघितलं. त्याही हसत होत्या. मी स्टिकर परत खिशात ठेवले.

आणि खेळ पेटला. तीन वर्षांत कधी पेटला नव्हता तसा. लोक उभे राहून कार्डं आपटत होते. "घे, शेठ आला! काढ खंडणी!" एका टेबलावर ट्रकच्या काचा फुटल्या म्हणून दोन सॉफ्टवेअरवाले इंजिनिअर एकमेकांच्या कॉलरला झोंबले, एकाच्या शर्टाचं बटण तुटलं, आणि सोडवल्यावर दोघे पुन्हा खेळायला बसले. एका बाईने हात मोडायचं कार्ड इतक्या त्वेषाने टाकलं की समोरच्याचा चहा सांडला. मी मध्ये उभा राहून हे सगळं बघत होतो आणि मला वाटत होतं, जमलं. आयुष्यात एक गोष्ट तरी जमली. स्वप्नालीने कार्डांचा फोटो काढला आणि विचारलं, "स्टेटसला टाकू?"

"टाक की," मी म्हणालो.

जाताना वर्षाली मॅडमनी आणखी तीन संच मागितले. चेहरे बदलावे लागतील, पण असेच जिवंत हवेत, म्हणाल्या. मी हवेत होतो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अर्धा किलो पेढे घेतले आणि ज्योतीरामकडे निघालो. पेढा हातावर ठेवला की कालचं मिटलं, असा माझा हिशोब.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेलो आणि मागून कुणीतरी ते पूर्ण ओढलं.

ज्योतीरामच्या खुर्चीत जयसिंगशेठ बसला होता. फेटा नव्हता, म्हणून ओळखायला एक क्षण लागला. मागे शटरपाशी एक जण, आणि कागद कापायच्या मशीनपाशी पिंटू नावाचा आडदांड माणूस. या मशीनला वर पातं असतं आणि पात्याच्या पुढे एक लोखंडी पट्टी. चाक फिरवलं की पट्टी खाली येते आणि कागदाचा गठ्ठा हलू नये म्हणून दाबून धरते. चाक पिंटूच्या हातात होतं. पट्टीखाली कागद नव्हता, ज्योतीरामच्या उजव्या हाताची बोटं होती. त्याचं नाक फुटलं होतं आणि रक्त ओठांवरून हनुवटीवर आलं होतं. चष्मा पुन्हा खाली पडला होता, या वेळी फुटून.

"कोन?" जयसिंगने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ज्योतीराम बोलला. "गिऱ्हाईक आहेत, शेठ. व्हिजिटिंग कार्डं न्यायला आलेत. साहेब, उद्या या, झाली नाहीत अजून." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

"नाव काय म्हनायचं?"

"निरंजन," मी म्हणालो. ज्याच्या अंगावर गेज फेकलं होतं त्या इन्चार्जचं नाव. इतक्या पटकन कसं सुचलं कोण जाणे.

"बसा निरंजनराव. दोन मिन्टाचं काम हाय, मंग तुमी तुमचं बघा. मोबाइल तेवढा द्या हिकडं." मी मोबाइल दिला आणि स्टुलावर बसलो. "पेढे कसलं?"

"प्रमोशन झालं."

"वा," म्हणत त्याने खोक्यातून एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला. मग ज्योतीरामकडे वळला. "हां. ह्यो फेट्यातला फोटो तुझ्याबिगर कुनाकडं न्हाई. कुनाचं काम हाय हे?"

"गिऱ्हाईकाचं नाव सांगत नसतोय मी. तुम्हाला ठावं आहे, शेठ. गणराजभाऊच्या विरोधातला तो बिननावाचा फ्लेक्स तुम्ही माझ्याकडनंच छापला. त्याची पोरं येऊन गेली, पोलीस येऊन गेले. मी तुमचं नाव घेतलं का?"

"न्हाई घेतलं. म्हनून तर आजवर तुला हात लावला न्हाई." जयसिंगने मान हलवली आणि पिंटूने चाक थोडं फिरवलं. ज्योतीरामच्या घशातून आवाज आला. त्याचे गुडघे वाकले, पण हात अडकलेला असल्यामुळे त्याला खाली बसता येईना. तो तसाच लोंबकळत राहिला.

जयसिंग उठला आणि स्वतःच्या मोबाइलवर आलेला कार्डांचा फोटो ज्योतीरामच्या नाकासमोर धरला. "खंडनी म्हन्ल्याचं मला काय न्हाई. लोक म्हनत्यातच. पर हे बघ. माझ्या कार्डावर किती? चार. आन् ह्या गणराजच्या कार्डावर? सहा. त्यो माझ्यापरीस मोठा व्हय रं? दुपारपास्नं चाकणात ट्रकवाले हासाय लागल्यात. शेठ चार नंबरी, म्हनत्यात. आता एवढंच सांग. चार का?"

आता हे मला सांगायलाच हवं. उत्तर मला माहीत होतं. त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. सहाचं कार्ड एकदा खेळलं की बाद होतं, पटावरून जातं. चारचं कार्ड खेळून झालं की पुन्हा हातात येतं. 'ठेका'त ज्याच्याकडे खंडणी तो शेवटी जिंकतो, अख्ख्या खेळातलं सगळ्यात जड कार्ड तेच. त्याला सहा दिला असता तर समोरच्यांना खेळायलाच काही उरलं नसतं, म्हणून चार. महिनाभर हिशेब करून मी तो चार काढला होता. हे ऐकून जयसिंगशेठ खूश झाला असता. कदाचित एक संच माझ्याकडून मागून नेला असता.

"मला नाही माहीत, शेठ," ज्योतीराम म्हणाला. "मी वाचत नाही. जे येतंय ते छापतो."

चाक फिरलं. काडेपेटी पायाखाली यावी तसा आवाज झाला आणि ज्योतीराम ओरडला. शटरजवळच्या माणसाने लगेच फ्लेक्सचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. तुकड्यावर कुणाचं तरी हसरं अर्धं तोंड होतं. मशीनच्या पत्र्यावरून रक्ताचा ओघळ आला आणि कापलेल्या कागदांच्या ढिगावर पडायला लागला. माझ्या मांडीवर पेढ्यांचं खोकं होतं. दोन्ही हातांनी मी ते घट्ट धरलं होतं.

मी रागाची वाट बघत होतो. शपथेवर सांगतो. डोक्यात सणक जाईल, हात आपोआप उठेल, समोरची लोखंडी मोजपट्टी उचलून मी पिंटूच्या तोंडावर हाणेन, असं मला खरंच वाटत होतं. तेहतीस वर्षांत राग कधी उशिरा आला नव्हता. पार्किंगसाठी आला होता, गेजसाठी आला होता, काल तर बारा फोटोंसाठी आला होता. आज आलाच नाही. डोक्यात एकच विचार होता, माझं नाव निघू नये.

जयसिंगने माझ्याकडे बघितलं. "निरंजनराव, तुमी शिकल्यालं मानूस. तुमाला काय वाटतं? का ठिवला आसंल चार?"

त्याने अगदी सरळ विचारलं. आवाजात धमकी नव्हती. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी नुसता खेळाचा जाणकार म्हणून बोललो असतो, तरी चाललं असतं. माझा खेळ आहे असं कबूल करायचीही गरज नव्हती.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो.

"जाऊ द्या." त्याने पिंटूला खूण केली. या वेळी चाक अर्धं फिरलं. ज्योतीरामची मान मागे गेली, डोळे पांढरे झाले आणि पँट ओली झाली. जयसिंगने रुमालाने हात पुसले. माझा मोबाइल त्याने माझ्या हातात दिला. "पेढा ब्येस हाय. तुमची कार्डं घ्या आता करून," म्हणाला. शटर वर झालं, तिघे निघून गेले. बाहेर रविवारची गर्दी होती आणि पलीकडे भेळेच्या गाडीवर लोक उभे होते.

मी मशीनकडे धावलो आणि चाक धरून जोरात फिरवलं. चुकीच्या बाजूला फिरवलं. पट्टी वर जायच्या ऐवजी आणखी खाली गेली. ज्योतीराम शुद्धीवर आला तो माझ्या हातून. तोंडात फ्लेक्स असतानाही त्याची किंकाळी गाडीवरच्या लोकांनी ऐकली. मग मी चाक दुसरीकडे फिरवलं. बोटं सुटली, पण ती बोटं म्हणण्यासारखी उरली नव्हती. तीन तर कागदासारखी चपटी झाली होती. मी काउंटरवरचं फडकं त्याच्या हाताला गुंडाळलं, त्याला बखोटीला धरून बाहेर आणलं आणि रिक्षात घातलं.

रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडला होता. फडकं लाल होऊन माझ्या पँटवर ठिबकत होतं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत होतो. माझं मलाच ते ऐकवत नव्हतं. मला स्वतःची किळस येत होती, आणि त्याहून जास्त किळस याची की मी वाचलो म्हणून आतून बरंही वाटत होतं. चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्याने डोळे उघडले.

"धनेशभाऊ," तो म्हणाला. दुकानात एकदाही न घेतलेलं माझं नाव आता त्याने घेतलं. "चार का ठेवला होता?"

मी सांगितलं. काय करणार, सांगितलं. सहाचं एकदाच चालतं आणि बाद होतं, चारचं परत हातात येतं, म्हणून तेच सगळ्यात जड. सिग्नल सुटायच्या आत सांगून झालं.

चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा नीट दिसत नसावा, म्हणून त्याने मान वळवून जवळून बघितलं.

"मला वाटलं, आकडा आसाच टाकला आसंल," तो म्हणाला. "तुम्हालाबी ठावं नसंल, म्हणून तुम्ही बोलला नाहीत. मी म्हटलं, बिचाऱ्याला येत नाही तर तो काय सांगणार."

रिक्षा हलली. त्याने फडक्यातला हात छातीशी ओढून घेतला आणि माझ्या खांद्यावरचं डोकं काढून पलीकडच्या दांडीला टेकवलं.

"येत होतं की तुम्हाला," तो म्हणाला.